मागच्या सीटवरून

८ जानेवारी

दादा,

खुशाली वगैरे सगळं गृहीत धर. बसल्या बसल्या डोळे मिटतायत, म्हणून आधी कामाचं लिहिते. गाडीचे चारही टायर संपले. काल हवा भरणाऱ्याने बोट फिरवून दाखवलं आणि म्हणाला, "बाई, याला आता टक्कल पडलंय." कुठले घ्यायचे ते कळव. मला विचारशील तर आहेत तेच पुन्हा घ्यावेत. पण टायरवाल्या भावाला न विचारता टायर घेतले तर तू जन्मभर टोमणे मारशील, म्हणून हा खटाटोप.

फोन केला नाही यावर रुसू नकोस. मी इकडून बोंबलायचं आणि तू तिकडून "हं, हं" करायचं, यात दोघांचीही दमछाक होते. तुझ्या कानांची आणि माझी आता ताकद नाही. पत्र बरं.

ह्यांचं तसंच आहे. दर मंगळवारी औषध. सकाळी सहाला निघायचं, नव्वद किलोमीटर जायचं, चार तास बाटली लावून पडायचं आणि नव्वद किलोमीटर परत. पाठीच्या कण्यात दुखतं म्हणून बसवत नाही, मागच्या सीटवर तीन उशा लावून झोपवते. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज म्हणजे नुसती कुजबुज उरली आहे. गाडी साठच्या पुढे गेली की टायर असे काही घोंघावतात की मागून हे काय म्हणतात त्यातलं अक्षर ऐकू येत नाही. पोचल्यावर बोलू, असं म्हणते आणि चालवत राहते. अजून सोळा मंगळवार आहेत, मग पुन्हा तपासणी.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
ठमी

•

१४ जानेवारी

ठमे,

"आहेत तेच पुन्हा" हे वाक्य कुठल्याही टायरवाल्याला लिहू नये. डॉक्टरला "मागच्या वेळचंच औषध द्या" म्हणतेस का?

आता वही-पेन घेऊन गाडीपाशी जा आणि मी सांगतो ते लिहून काढ. एक, टायरच्या कडेवरचे सगळे आकडे, अगदी बारीकसुद्धा. त्यात चार आकड्यांचा एक गट सापडेल, तो टायरची जन्मतारीख असतो. दोन, ड्रायव्हरचं दार उघडलंस की चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसेल, त्यावर हवा किती लिहिली आहे आणि तू किती भरतेस. तीन, तळहात टायरवर पुढून मागे फिरव, मग मागून पुढे. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खरखरीत लागलं तर तसं लिही. हात नंतर धू.

मोजणीसाहेबांना तू मागे झोपवून नेतेस? आमच्याकडे येताना हेच गृहस्थ सहा-सहा तास गाडी हाकत यायचे आणि उतरल्या उतरल्या माझ्या दुकानाची भिंत किती वाकडी आहे ते सांगायचे. दुखण्याचं मला काही कळत नाही, ठमे. टायरचं कळतं. निदान ते तरी मला नीट करू दे.

दादा

•

२२ जानेवारी

दादा,

तू सांगितलंस ते सगळं केलं. शेजारीण गॅलरीतून बघत होती, मी टायर कुरवाळत होते. तिला वाटलं असेल, हिचं डोकं फिरलं. तसं फार लांब नाही.

आकडे मागच्या पानावर आहेत. टायर पाच वर्षांपूर्वीचे. नक्षी म्हणजे मोठमोठ्या गोट्या, मध्ये बोटभर खाचा. हे जमिनी मोजायला माळरानावर जायचे, चिखलात गाडी रुतायला नको म्हणून त्यांनी हौसेने निवडून घेतले होते. तळहात एका बाजूने सुळकन जातो आणि उलटा फिरवला की करवत. हवा चिठ्ठीवर तेहतीस आहे आणि मी चाळीस भरते. बाबांचा नियम मी मोडलेला नाही हो.

पण दादा, खरंच, तेच टायर चालतील. या गाडीला दुसरे शोभायचे नाहीत. आवाजाचं मी उगाच लिहिलं. आवाजाची सवय होते.

कालच्या मंगळवारी औषधानंतर ह्यांना खूप उलट्या झाल्या. परतीच्या वाटेवर दोनदा गाडी थांबवली. हाताला सुई लावायला आता शीर सापडत नाही. नर्स चांगली आहे, पण तिलाही तीन-तीनदा टोचावं लागतं.

ठमी

•

२९ जानेवारी

ठमे, ठमे, ठमे,

बाबांचे सात पौंड! तू अजून भरतेस?

अगं, बाबांच्या दुकानात विटांचे ट्रक यायचे. दुप्पट माल लादलेले, महिनामहिना परत न फिरकणारे. म्हणून ते प्रत्येक टायरमध्ये सात पौंड जास्त मारायचे. ते विटांसाठी होतं. तुझ्या गाडीत आजारी माणूस आहे. चाळीसला टायर दगड होतो, प्रत्येक खड्डा सरळ त्यांच्या पाठीत जातो. मीही पहिली दहा वर्षं गिऱ्हाइकांच्या मोटारींत हेच पाप केलं, म्हणून फार बोलत नाही. आजच्या आज तेहतीस कर. गाडी थंड असताना, चालवून आल्यावर नाही.

दुसरं. खरखरीत लागतं याचा अर्थ चाकं सरळ धावत नाहीत, फरफटतायत. गोट्या तिरक्या झिजल्यात, तोच घुमतो तो आवाज. त्यात त्या गोट्या माळरानाच्या. डांबरावर त्या टाळ्या वाजवत चालणार. नवे टायर साध्या रस्त्याचे घ्यायचे, बारीक नक्षीचे, मऊ रबराचे. टायर किती वजन पेलतो तो आकडा मात्र चिठ्ठीवर आहे त्याच्या खाली उतरायचा नाही, मऊ म्हणून लहान गाडीचा टायर कोणी गळ्यात मारेल. आणि बसवताना चाकं सरळ करून घ्यायची, नाहीतर सहा महिन्यांत हेही घुमायला लागतील.

"शोभायचे नाहीत" हे कारण मी ऐकलंच नाही असं समजतो. मला तसंही ऐकू येत नाही.

दादा

•

९ फेब्रुवारी

दादा,

हवा तेहतीस केली. दचके खरंच कमी झाले. मंगळवारी पोचल्यावर ह्यांनी वहीत लिहिलं, "रस्ता दुरुस्त केला का?" मी म्हटलं, नाही, एका कानफुट्या माणसाने तीस वर्षांनी चूक कबूल केली. तर हे हसले. हसताना पाठ धरली.

घरी हे बोलत नाहीत, वहीतच लिहितात. चहा. पंखा. उशी. कधी "बस जरा". मी बसते, मग हे माझ्या तोंडाकडे बघतात आणि वही मिटतात. मला तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी आठवतं.

टायरचं आता एवढ्यावर थांबू या. तुला खरं कारण हवंय ना? गोट्यांचे टायर काढले म्हणजे हे पुन्हा माळरानावर जाणार नाहीत असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. मोजणीची काठी, साखळी, ती छत्री, सगळं अजून डिकीत आहे. मी काढलेलं नाही. ह्यांनी विचारलंही नाही. तेव्हा आहेत तेच घेऊ. तू मला दुकानाचं नाव कळव म्हणजे झालं.

लेकाचा फोन येतो, रजा मिळत नाही म्हणतो. गाडी घेतली तेव्हा सगळ्यांनी मिळून फिरायचं म्हणून एवढी मोठी घेतली होती. आता पुढे मी आणि मागे हे, मधल्या जागेत बादली.

ठमी

•

१८ फेब्रुवारी

ठमे,

तुझं कारण वाचलं. वाईट वाटलं, पण पटलं नाही. बरे झाले की माळरानासाठी मी स्वतः गोट्यांचे टायर बसवून देईन, चारही. तोवर माणसाने रस्त्याच्या टायरवरून जावं.

तर ऐक, काय केलं ते. तुझ्यासारखीच गाडी एका गिऱ्हाइकाची आली होती. दिवसभर ठेवून घेतली. चार कंपन्यांचे टायर आळीपाळीने बसवले आणि प्रत्येक वेळी हायवेवर चक्कर मारली. आता आवाज किती ते मला कसं कळणार? म्हणून तुझ्या वहिनीला मागच्या सीटवर झोपवलं, तीन उशा लावून, आणि सांगितलं की मोजणीसाहेबांसारखं कुजबुजत बोलत राहा. गाडी चालवायला आमचा चाकं सरळ करणारा मिशीवाला. मी शेजारी. त्याला जेवढं ऐकू येईल तेवढं त्याने मला वहीत लिहून दाखवायचं, म्हणजे गाडी बाजूला घेऊन.

पहिल्या टायरला त्याने लिहिलं, "काही नाही." दुसऱ्याला, "काकू काहीतरी म्हणतात." तिसऱ्याला, "काकू म्हणतात, गॅसवर दूध आहे." चौथ्याला त्याने अर्धं पान भरून लिहिलं आणि माझ्याकडे द्यायलाच तयार होईना. शेवटी दिलं. चाळीस वर्षांत तिने माझ्याबद्दल जे काही मनात ठेवलं होतं ते सगळं त्यात होतं. मिशीवाला दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हता.

तेव्हा चौथेच टायर नक्की केले. ट्रान्सपोर्टने पाठवलेत, तुझ्या बाजारातल्या मोठ्या टायरवाल्याकडे. तो माझ्या ओळखीचा आहे. चाकं सरळ करून देईल, त्याला सगळं लिहून कळवलंय. तू फक्त गाडी नेऊन उभी कर. मोजणीसाहेबांचा शब्द न् शब्द तुला ऐकू आला पाहिजे, ही माझी जबाबदारी.

दादा

•

७ मार्च

ठमे,

टायर पोचून दोन आठवडे झाले. दुकानदाराने कळवलं की अजून कोणी आलंच नाही. तुझं पत्रही नाही.

माझ्याकडून काही घ्यायचंच नाही असं मनात असेल तर तसं स्पष्ट लिही. बाबांच्या नंतर दुकान मी ठेवून घेतलं त्याचा राग असेल, तर तो मी समजू शकतो. पण तो राग त्या माणसाच्या पाठीवर काढू नकोस. चारही टायर टकले असताना तू दर मंगळवारी एकशेऐंशी किलोमीटर जातेस. मला झोप लागत नाही.

तुझी वहिनी म्हणते, असलं लिहू नका. मी लिहिलं. पाठवतोय.

दादा

•

११ मार्च

दादा,

दुकानाचा राग! दादा, तू खरंच वेडा आहेस. मला ते दुकान फुकट दिलं असतंस तरी मी पळून गेले असते. राग नाही, कसलाच नाही.

वेळ झाला नाही, एवढंच. एका शनिवारी ह्यांना ताप, मग माझी कंबर धरली, मग नळाला पाणी नाही. ही कारणं आहेत हे मलाही कळतंय.

तुझी दोन्ही पत्रं मी टेबलावर ठेवली होती. काल कपडे वाळत घालून आले तर हे ती वाचत होते. वहिनीचं अर्धं पान वाचून एवढे हसले की मी घाबरले. मग वही ओढून लिहिलं, "टायर बसव." मी म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात. तर पुन्हा लिहिलं, "शनिवारी बसव." खाली दोन रेघा मारल्या. जमिनीच्या नकाशावर हद्द पक्की झाली की अशा दोन रेघा मारायचे.

शनिवारी जाईन.

ठमी

•

१९ मार्च

दादा,

तुझे टायर चांगले आहेत, हे पहिल्यांदा लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तू टायरांना दोष देणार नाहीस.

शनिवारी बसवले. तुझा ओळखीचा माणूस फार सज्जन. त्याने चाकं सरळ केली, हवा मोजून दाखवली आणि डिकीतली काठी, छत्री काढून ठेवली होती ती काम झाल्यावर जशीच्या तशी परत लावली. बाजारातून घरी येताना मला वाटलं गाडी बंदच पडली. इंजिन चालू आहे की नाही ते बघायला दोनदा काट्याकडे पाहिलं.

मंगळवारी सहाला निघालो. गाव संपलं, मोठा रस्ता लागला, साठ झाले, सत्तर झाले. आत नुसती शांतता. उशीवर ह्यांचं डोकं सरकलं की अभ्र्याची खसखस ऐकू यायची. मी रेडिओ लावायला हात पुढे केला आणि तेवढ्यात हे मागून म्हणाले, "अगं, पुरे झालं आता. गाडी परत फिरव."

स्पष्ट. शेजारी बसून म्हणावं तसं.

आणि दादा, मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "काय? ऐकू येत नाही हो, टायरचा आवाज फार आहे. पोचल्यावर बोलू."

तोंडातून निघून गेलं. इतकी सवय झाली होती.

मग हे हसायला लागले. तू म्हणशील त्यात हसण्यासारखं काय, पण तुझे ते टायर, वहिनीचं अर्धं पान, हे सगळं त्यांनी वाचलेलं. हसता हसता खोकला आला, मी गाडी बाजूला घेतली, मागे जाऊन पाणी पाजलं. मग त्यांनी विचारलं, "तुला पहिल्यापासून ऐकू येत होतं ना?"

मी हो म्हणाले.

तुलाही खोटंच लिहिलं होतं, दादा. त्या गोट्यांच्या टायरवर ऐकू कमी यायचं, पण येत होतं. ऑक्टोबरपासून हे दर मंगळवारी तेच सांगत होते. पुरे आता. घरी चल. मला नको हे. घरी माझं तोंड दिसलं की हे गप्प बसतात, मला रडताना त्यांना बघवत नाही म्हणून. गाडीत त्यांना फक्त माझी पाठ दिसायची, म्हणून तिथे बोलायचे. आणि मी सत्तरची ऐंशी करायचे, म्हणजे घोंघाट वाढावा. वर तुला लिहायचे, ह्यांचं काही ऐकू येत नाही बाई. गोट्यांचे टायर मला का हवे होते ते आता कळलं असेल. काठी आणि छत्रीचं खरं होतं, पण ते सगळं खरं नव्हतं.

याहून वाईट आहे ते पण लिहिते. वर्षाच्या पहिल्या मंगळवारी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. म्हणाले, औषधाचा आता फारसा उपयोग होईल असं वाटत नाही. अजून सोळा वेळा देऊन बघता येईल, पण त्रास नक्की आहे आणि फायदा नक्की नाही. चालू ठेवायचं की थांबायचं, ते तुम्ही दोघांनी बोलून ठरवा. पुढच्या मंगळवारी त्यांनी विचारलं, बोललात का? मी म्हणाले, हो, बोललो. चालू ठेवायचं म्हणतात.

सोळातले नऊ झाले. नऊ वेळा शीर शोधली, नऊ वेळा उलट्या, आणि ते मी एकटीने ठरवलं होतं. ह्यांना कोणी विचारलंच नाही.

हे सगळं मी रस्त्याच्या कडेला त्यांना सांगितलं. मागच्या सीटच्या खाली, दोन सीटांच्या मध्ये बसून. ट्रक जात होते, गाडी हलत होती. मला वाटलं रागावतील. रागवायला हवं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू दमलीस गं." एवढंच. मग म्हणाले, "आता फिरव."

मी फिरवली. दहाला घरी आलो. दवाखान्यातून फोन आला, मी सांगितलं आज येत नाही.

आता मला काही सुचत नाही. तुला काय वाटतं ते लिही, मला झोडून काढायचं असेल तर तेही लिही.

ठमी

•

२५ मार्च

ठमे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून खिशात ठेवलं, दुकानात गेलो, एका गिऱ्हाइकाला पुढचं चाक मागे लावून दिलं. मिशीवाल्याने पाहिलं म्हणून वाचलो.

तुला झोडायला माझं तोंड नाही. माझे कान गेलेत हे खरं, कॉम्प्रेसरशेजारी चाळीस वर्षं काढली की जातातच. पण तू फोनवर रडायचीस तेव्हा मला कळायचं. बोलण्यातले शब्द नाही कळायचे, पण मध्येच तू थांबायचीस ते कळायचं. मी "हं, हं" करत राहायचो आणि मग म्हणायचो, काही ऐकू येत नाही, पत्र लिही. पत्रात रडणं दिसत नाही. मला ते सोपं पडलं. मी तुझा मोठा भाऊ.

आता जे लिहितो त्यावर चिडू नकोस. सोळातले सात राहिलेत. डॉक्टरांनी "फारसा उपयोग नाही" म्हटलंय, "अजिबात नाही" असं म्हटलेलं नाही. एखादा मंगळवार अजून बघता येणार नाही का? मी येतो. गाडी मी चालवतो, तू मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बस. नऊ वेळा तू एकटीने नेलंस, सात वेळा मी नेतो. दुकान मिशीवाला बघेल. फक्त हो म्हण, मी त्याच दिवशी निघतो.

तुझी वहिनी शेजारी बसली आहे. ती म्हणते, तुम्ही पुन्हा टायरच पाठवताय. मला तिचं म्हणणं नीट समजलं नाही. की समजलं, ते माहीत नाही.

दादा

•

३ एप्रिल

दादा,

नाही. सातातला एकही नाही.

चिडले नाही. तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं, सगळं, मधलं काही न गाळता. आता काही गाळायचं नाही असं ठरवलंय. हे ऐकून म्हणाले, "त्याला सांग, त्याचं मन मोठं आहे आणि भिंत अजून वाकडी आहे."

गेल्या आठवड्यात एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आले. खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. जरा वेळ पेनचं टोपण काढत-घालत बसले आणि म्हणाले, बरीच माणसं असंच करतात. दुखण्यावरची गोळी बदलून दिली. आता एक नर्स एक दिवसाआड घरी येते. पाठीचं दुखणं गेलेलं नाही, पण उलट्या थांबल्या. परवा अर्धी वाटी भात खाल्ला आणि आणखी मागितला. किती दिवस, ते मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं. तुला इथे लिहीत नाही, आलास की सांगेन.

हे आता बोलतात, दादा. वही बंद. माझी खुर्ची पलंगाला चिकटवून घेतली आहे, कान जवळ न्यावा लागतो, पण बोलतात. एकोणतीस वर्षांत बोलले नसतील एवढं. कुठला कागद कुठल्या कपाटात आहे, लेकाला काय सांगायचं, कोणत्या गावाची मोजणी चुकली होती आणि त्यांनी ती कोणाला सांगितली नव्हती. लेकालाही मी फोनवर सगळं सांगितलं. त्याला रजा मिळाली. मागायला हवी होती तशी त्याने मागितलीच नव्हती, कारण मीच दर वेळी सांगायचे की सुधारणा आहे.

काल दुपारी हे म्हणाले, "मला भीती वाटते." गॅसवर पाणी उकळत होतं. मी उठले नाही. पाणी आटून भांडं करपलं, घरभर वास सुटला, तरी मी तिथेच बसले होते. मीही म्हटलं, मलाही वाटते.

आज जरा झोप झाली आहे, म्हणून अक्षर बरं आलंय.

तू ये. वहिनीला घेऊन ये, ह्यांना ते अर्धं पान तिच्या तोंडून ऐकायचं आहे. कुठल्याही दिवशी ये. मंगळवारी आलास तरी चालेल. मंगळवारी आता आम्ही कुठे जात नाही.

तुझी,
ठमी